सोनं शोधणारं यंत्र, सुरुंग शोधणारं यंत्र आणि पाठीवरची बॅटरी

(ज्यांना लोकलमध्ये किंवा मेसच्या गोंगाटात ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिखित स्वरूपात. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)



गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न सारखा येतोय. "दादा, ते सोनं शोधायचं मशीन आपल्याकडे चालतं का?" यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातला कुणीतरी माणूस कानाला हेडफोन लावून लाल मातीत काठी फिरवतो, टूंऽऽ असा आवाज येतो, आणि दोन मिनिटांत हातावर पिवळा खडा! खाली कमेंट्स मराठीत. त्यातल्या निम्म्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांच्या.

मी कोड लिहून पोट भरतो, पण सर्किट आणि बॅटरी हा जुना नाद आहे. म्हणून आजचा विषय: जमिनीखालचं शोधायचा इतिहास, आणि तोही आपल्या झाडीपट्टीच्या बाजूने. हे यंत्र गडचिरोलीत खरंच चालतं, रोज चालतं. फक्त सोन्यासाठी नाही. कशासाठी, ते पुढे येईलच.

वैरागड: हिरे होते, यंत्र नव्हतं

सुरुवात आरमोरी तालुक्यातल्या वैरागडपासून करू. खोब्रागडी नदीच्या काठावरचं गाव, शेजारी जुना किल्ला. प्राचीन लेखांत येणारं 'वज्राकर', म्हणजे हिऱ्यांची खाण, हे नाव काही अभ्यासक याच वैरागडशी जोडतात. अकबराच्या काळातल्या 'ऐन-इ-अकबरी'त इथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे. म्हणजे चांद्याच्या गोंड राजांच्या या मुलखात जमिनीखाली काहीतरी मौल्यवान आहे, हे दिल्ली-आग्र्यापर्यंत माहीत होतं.

आता गंमत बघा. आजचं कितीही महागडं मेटल डिटेक्टर घेऊन वैरागडला गेलात तरी हिऱ्यावर ते गप्प बसेल. हिरा म्हणजे कार्बन, धातू नाही, वीजही वाहत नाही. तिथल्या खाणकऱ्यांचं शोधयंत्र म्हणजे फावडं, पाणी आणि डोळे.

सोनझारी: सात पट जडपणाचा फायदा

सोन्याचं काय मग? आपल्याकडे सोनझारी नावाचा समाज आहे. पूर्व विदर्भापासून बालाघाट आणि पुढे छत्तीसगडपर्यंत नद्यांच्या वाळूतून सोन्याचे कण धुवून काढणं हा त्यांचा परंपरेचा धंदा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ १९१६ साली आला, त्यात या समाजावर वेगळं प्रकरण आहे. पुढे यातल्या बऱ्याच कुटुंबांनी सराफ बाजाराचा रस्ता धरला. दुकानांसमोरची धूळ, नालीतला गाळ गोळा करायचा आणि त्यातून सोन्याचांदीचा कण वेगळा करायचा.

यामागचं शास्त्र साधं आहे. साध्या वाळूची घनता साधारण २.६५, सोन्याची १९.३. म्हणजे तेवढ्याच आकाराचा सोन्याचा कण वाळूच्या कणापेक्षा सात पट जड. उथळ लाकडी परातीत पाणी घालून हलवलं की हलकी वाळू काठावरून निघून जाते आणि सोनं तळाशी बसतं. बॅटरी लागत नाही, चार्जर लागत नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण 'मशीन घेऊन नदीवर जातो' म्हणणाऱ्यांचं उत्तर इथेच आहे. आपल्या नद्यांत मिळतं ते सोनं धुळीसारखं. मेटल डिटेक्टरला तांदळाच्या कणीएवढा तुकडा जेमतेम कळतो, तोही वरच्या काही सेंटीमीटरमध्ये असेल तर. धूळ त्याला ऐकूच येत नाही. जिथे लाखो रुपयांचं यंत्र फेल, तिथे सोनझारी बाईची परात पास!

बेलपासून एल अलामेनपर्यंत

यंत्राचा जन्म मात्र सोन्यासाठी झालाच नव्हता. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे अडकलीय हे डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल एक विजेचं यंत्र घेऊन आले. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडायची आणि जवळ धातू आला की आवाज बदलतो का ते ऐकायचं. गोळी काही सापडली नाही. गादीखालच्या लोखंडी स्प्रिंगांनी गोंधळ घातला असं मानतात. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. पण कल्पना मागे राहिली.

मग दुसरं महायुद्ध. १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सैन्यातला एक अधिकारी, युझेफ कोसात्स्की, याने सैनिकाला हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक बनवला. पेटंट घेतलं नाही, ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला. १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत असे सुमारे ५०० शोधक वापरले गेले. आपली चौथी भारतीय डिव्हिजनही त्या आघाडीवर होती. हाताने टोचत टोचत सुरुंग शोधताना तासाला साधारण १०० चौरस मीटर जमीन साफ व्हायची. या यंत्राने ती २०० वर गेली.

वजन? जवळपास १४ किलो. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हते. काचेच्या व्हॉल्व्हवरचं सर्किट, आणि त्याला पुरवठा करणारी जड बॅटरी. डोक्यावर ऊन, पायाखाली सुरुंग आणि अंगावर १४ किलो. ऐतिहासिक फोटो बघताना आपण काठीकडे बघतो. बघायला हवं पाठीकडे.

ऑस्ट्रेलिया: सोनं आलं, शिशाची बॅटरीही आली

१९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मेटल डिटेक्टरने २७ किलोंहून जड सोन्याचा गोळा सापडला. 'हँड ऑफ फेथ' त्याचं नाव. जगभर बातमी झाली आणि हौशे-नवशे-गवशे सगळे काठ्या घेऊन निघाले.

पण तिथल्या मातीत लोह भरपूर. साध्या डिटेक्टरला ती मातीच धातूसारखी वाटते आणि तो सारखा ओरडत राहतो. १९९५ मध्ये मिनेलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीने ब्रूस कँडी यांच्या संशोधनावर आधारित एसडी २००० हे मॉडेल आणलं. तंत्र होतं 'पल्स इंडक्शन'. कॉइलमधून विजेचा जोरदार झटका द्यायचा, झटका एकदम बंद करायचा, आणि मग काही मायक्रोसेकंदांत खालून येणारा बारीक प्रतिसाद ऐकायचा. विहिरीत हाक मारून मग प्रतिध्वनी ऐकतो ना, तसं. माती आणि धातू यांचे प्रतिध्वनी वेगवेगळ्या वेगाने विरतात.

या झटक्यांना वीज भरपूर लागते. म्हणून ६ व्होल्टची शिशाची बॅटरी पाठीवर किंवा कमरेला, आणि तिथून वेटोळ्यांची वायर काठीपर्यंत.

थोडा हिशोब करू. ६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ६० वॅट-तास ऊर्जा. शिशाच्या बॅटरीत एका किलोत साधारण ३५ वॅट-तास मावतात, म्हणजे वजन पावणेदोन किलोच्या आसपास. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये एका किलोत २०० च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच कामाला ३०० ग्रॅम. डबा आणि सर्किट धरून अर्धा किलो. आठ तास काठी झुलवणाऱ्याला हा फरक संध्याकाळी खांद्यात कळतो.

लिथियम-आयनची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांचं १९७०-८० च्या दशकांतलं काम, १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेली पहिली बॅटरी, आणि २०१९ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल. कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाईल असा प्रवास करत ती २००० नंतर डिटेक्टरमध्येही पोहोचली. मिनेलॅबच्या जीपीएक्स मालिकेत ती कंपनीकडूनच आली. जुनी यंत्रं वापरणाऱ्यांनी घरीच जुगाड सुरू केला.

जुगाडात एक मेख आहे. लिथियमचा एक सेल नावाला ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. दोन जोडले की ८.४. सहा व्होल्टच्या यंत्राला हे जास्त झालं. मग व्होल्टेज उतरवायला स्वस्तातला स्विचिंग रेग्युलेटर लावतात. हा रेग्युलेटर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि स्वतःच विद्युत कोलाहल करतो. जे यंत्र मायक्रोसेकंदांतली कुजबुज ऐकायला बनवलंय, त्याच्या कानाशी तुम्ही ताशा वाजवताय! म्हणून नीट बनवलेल्या पॅकमध्ये शांत लिनिअर रेग्युलेटर आणि धातूचं आवरण देतात. वजन वाचवलं आणि ऐकू येणं गेलं, तर काय उपयोग?

आणि आता गडचिरोली

गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याच सुमारास नक्षल चळवळीने इथल्या जंगलात पाय रोवले होते. पुढची चार दशकं या जिल्ह्यात 'जमिनीखाली काय आहे' या प्रश्नाचा अर्थ एकच: रस्त्याखाली सुरुंग आहे का?

२००९ हे वर्ष आठवा. फेब्रुवारीत मरकेगाव, मे महिन्यात हत्तीगोटा, ऑक्टोबरमध्ये लाहेरी. या तीन हल्ल्यांत मिळून जवळपास ५० पोलीस गेले. मग १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ रस्त्याखालच्या सुरुंगाने पोलिसांची गाडी उडाली. १५ पोलीस आणि गाडीचा चालक, एकूण १६ जण. त्यांतल्या कित्येकांचं घर याच जिल्ह्यात होतं.

म्हणून इथे गाड्या पुढे जाण्याआधी काही माणसं पायी पुढे जातात. हातात डिटेक्टर, कानात हेडफोन. तत्त्व तेच, झटका आणि प्रतिध्वनी. मिनेलॅबसारखी कंपनी सोन्याची यंत्रं विकते आणि कंबोडिया, अफगाणिस्तानसारख्या देशांत सुरुंग काढणाऱ्यांची यंत्रंही तीच बनवते. लोहयुक्त मातीतून नेमका बारीक धातू ओळखणं, ही दोघांचीही गरज.

आपली माती या परीक्षेत कठीण पेपर आहे. एटापल्लीचं सूरजागड आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं लोहारा ही लोहखनिजासाठी ओळखली जाणारी गावं. अशा मातीत यंत्र उगाच ओरडतं. आणि बॉम्बचा डबा प्लास्टिकचा असेल तर उलट, जिथे ओरडायला हवं तिथे कुजबुजतं. सोनं शोधणाऱ्याची चूक झाली तर एक खिळा हाती येतो. इथे चुकीला जागाच नाही.

आता बॅटरीकडे या. शिशाची बॅटरी दमते तशी हळूहळू दमते, व्होल्टेज उतरत जातं, वापरणाऱ्याला अंदाज येतो. लिथियमचा पॅक बराच वेळ ताठ उभा राहतो आणि शेवटी त्यातलं संरक्षक सर्किट एकदम वीज तोडतं. मोबाईल बंद पडला तर आपण चरफडतो. निम्मा रस्ता तपासून झालाय आणि डिटेक्टर गप्प झाला, तर ती शांतता सुरुंग नसल्याची की चार्ज संपल्याची? म्हणून किती चार्ज उरलाय ते दाखवणारा आकडा आणि सोबत जादा पॅक ही तिथे चैन नाही.

दुसरं, ऊन. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे ४७ अंशांच्या घरात. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांवर चार्ज करायचे नसतात, आणि ६० च्या वर वापरायचेही नसतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर काळा डबा ठेवलात तर ६० सहज गाठतो. तिसरं, पावसाळा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तेव्हा पॅक चार्ज कुठून करणार, याचा विचार जून लागण्याआधीच करावा लागतो. परदेशी माहितीपुस्तकात यातलं बरंचसं सापडत नाही.

मग सोन्याचं काय, दादा?

सांगतो. २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्गात सोन्याचे साठे असलेले ब्लॉक असल्याचं जाहीर केलं. बातमी व्हॉट्सअॅपवर फिरली आणि अनेकांना वाटलं, चला, काठी घेऊ. पण खाणीतलं सोनं खडकात विखुरलेलं असतं. जगातल्या अनेक खाणींत एका टन दगडामागे मोजके ग्रॅम. ते शोधायला ड्रिलिंग आणि प्रयोगशाळा लागते, डिटेक्टर नाही.

शिवाय कायदा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, नाहीतर तुरुंग होऊ शकतो. संरक्षित किल्ल्यात किंवा मंदिरात खोदणं हा वेगळा गुन्हा. राखीव जंगलात खोदणं आणखी वेगळा. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात गुप्तधनाचा उल्लेख करावा लागला, यावरूनच हा रोग किती जुना आहे ते समजा. पूर्वी मांत्रिक नारळ फिरवायचा, आता कुणीतरी बीप करणारी काठी फिरवतो आणि 'कमिशन' मागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ज्या जंगलात चाळीस वर्षं सुरुंग पेरले गेले, तिथे बीप आला म्हणून कुदळ मारू नका. खाली काय आहे, ते यंत्र सांगत नाही. ते फक्त 'धातू आहे' एवढंच सांगतं.

खरंच नाद लागला असेल तर दुसरी वाट आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या आयटीआय आणि इंजिनिअरिंगच्या पोरांनो, ४७ अंशात आणि मुसळधार पावसात टिकणारा, विद्युत कोलाहल न करणारा, शिल्लक चार्ज खरा सांगणारा अर्ध्या किलोचा पॅक बनवून दाखवा. प्रोजेक्ट म्हणून सुरू करा. पुढे चालणाऱ्या माणसाच्या पाठीवरचा किलोभर भार उतरला, तर त्याचं मोल सोन्याच्या भावात सांगता येणार नाही.

तुमच्या गावात सोनझारी कुटुंबं असतील, त्यांच्या आजीकडून परातीची गोष्ट ऐकली असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. त्यावर वेगळा भाग करायचाय. तोवर पॉवर बँक उन्हात ठेवू नका.

भेटू पुढच्या भागात!