चुंबे

चुंबे : पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर, झांझिबार द्वीपसमूहातील एक लहान प्रवाळबेट. सुमारे ६°१६' द. व ३९°१०' पू. टांझानिया देशाच्या या भागात उंगुजा हे मुख्य बेट असून त्यावरील स्टोन टाउन या शहरापासून चुंबे दक्षिणेकडे साधारण १२ किमी. अंतरावर आहे. बेटाची लांबी एक किमी.च्या आसपास, रुंदी जास्तीत जास्त तीनशे मीटर. बेटावर गाव नाही, विहीर नाही, झरा नाही. एक दीपगृह, एक जुनी मशीद, पाहुण्यांसाठी सात झोपड्या आणि बाकी सगळे रान. पश्चिमेकडील प्रवाळभित्ती आणि बेटावरील जंगल झांझिबार सरकारने १९९४ मध्ये संरक्षित म्हणून जाहीर केले व त्यांची देखभाल ‘चुंबे आयलंड कोरल पार्क’ या कंपनीकडे सोपवली. ही कंपनी खासगी असली तरी नफा वाटून घेणे हा तिचा उद्देश नाही. खासगी व्यवस्थापनाखाली चालणारे जगातील पहिले सागरी संरक्षित क्षेत्र म्हणून चुंबेचे नाव घेतले जाते. टांझानियातील पहिले सागरी उद्यानही हेच.

भूरचना : बेट म्हणजे समुद्राबाहेर राहिलेली एक जुनी प्रवाळभित्ती. हिमयुगांच्या मधल्या उबदार काळात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा उंच होती, तेव्हा प्रवाळांनी हा खडक रचला. पाणी उतरल्यावर तो उघडा पडला. खडक टोकदार, सच्छिद्र आणि इतका धारदार की अनवाणी चालणे अशक्य. त्यात प्रवाळांच्या शाखा आणि महाकाय शिंपल्यांचे जीवाश्म जसेच्या तसे बसलेले दिसतात. पाऊस पडतो तो खडकाच्या भोकांतून थेट खाली जातो, त्यामुळे गोडे पाणी कुठेच साठत नाही. तरीही वर दाट जंगल आहे. मातीचा थर जेमतेम आहे. झाडांची मुळे खडकाच्या फटी धरून पसरतात आणि पावसाबरोबर दवावर व हवेतल्या ओलाव्यावर झाडे जगतात. गोरखचिंचेचे मोठे झाड बेटावर आहे. किनाऱ्याच्या रेषेत भरतीच्या लाटांनी खडक खालून पोखरला असून काही ठिकाणी तो छत्रीसारखा पाण्यावर पुढे आला आहे.

झांझिबारच्या जीवनात हा खडक सर्वत्र आहे. स्टोन टाउनची घरे प्रवाळदगडाची, त्यांचा चुनाही प्रवाळदगड भाजून केलेला. तिथल्या माणसांना प्रवाळ ओळखीचा होता तो मुख्यतः दगड म्हणून. तो जिवंत असतो, वाढतो, मरतो आणि त्याच्या मरणाबरोबर मासळीही जाते, हे सांगणारे कुणी नव्हते. शाळेच्या अभ्यासक्रमातही प्रवाळभित्तीला जवळजवळ जागा नव्हती. चुंबेवरचे सगळे काम या उणिवेतून सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही.

इतिहास : दार-एस-सलामहून झांझिबारकडे येणारा जलमार्ग बेटाजवळून जातो. म्हणून ब्रिटिशांनी १९०४ मध्ये येथे दीपगृह बांधले. १९२६ मध्ये त्यात गॅसवर चालणारा दिवा बसवला. दीपगृहाच्या राखणदारांसाठी घर आणि एक छोटी मशीद उभी राहिली. मशिदीची धाटणी भारतीय आहे आणि त्यात नवल नाही. झांझिबारचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या कच्छ व गुजरातच्या व्यापाऱ्यांच्या हातात होता. तिथली ब्रिटिश वकिलात बराच काळ मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती, भारतीय रुपया तिथे चालत असे आणि शहरात गोमंतकीयांचीही वस्ती होती. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणाऱ्या ‘कास्काझी’ वाऱ्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबते तिकडे जात आणि दक्षिणेचा ‘कुसी’ सुरू झाला की परतत.

चुंबेची प्रवाळभित्ती वाचली ती कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. मोठ्या जहाजांची वाट जवळ असल्याने आणि आसपास लष्करी वावर असल्याने पश्चिमेच्या बाजूला मासेमारीला मनाई होती. शिवाय उंगुजाच्या कोळ्यांकडे बहुतांशी उलांडीच्या लहान होड्या, ‘न्गालावा’ म्हणतात त्या. त्यांना जवळच्या उथळ पाण्यात मासळी मिळत असताना एवढ्या लांब यायची फारशी गरज पडत नसे. त्याच काळात इतरत्र किनाऱ्यावर सुरुंग लावून मासे मारणे, काठ्यांनी प्रवाळ झोडपून मासे जाळ्यात हाकणे, तळ खरवडणारी जाळी ओढणे हे प्रकार वाढले आणि एकेक भित्ती उजाड झाली. चुंबे तेवढे शिल्लक राहिले. १९९१ च्या सुमारास सिबिले रीडमिलर या जर्मन शिक्षणतज्ज्ञ व विकासकार्यकर्तीने ही भित्ती पाहिली आणि तिच्या संरक्षणाचा प्रस्ताव सरकारपुढे मांडला. १९६४ च्या क्रांतीनंतर झांझिबारमधील जमीन सरकारच्या मालकीची आहे, तेव्हा बेट विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. भाडेपट्टा, जंगलाचा करार, प्रवाळभित्तीचा करार, असे सगळे वेगवेगळ्या खात्यांकडून मिळवावे लागले आणि त्यात वर्षे गेली. गुंतवणुकीचा मोठा भाग रीडमिलर यांचा स्वतःचा होता. बाकी देणग्या आणि अनेक देशांतील स्वयंसेवकांचे श्रम.

राखणदार : संरक्षित क्षेत्र कागदावर जाहीर करणे सोपे असते. चुंबेवर राखणीचे काम जवळच्या गावांतील कोळ्यांनाच दिले गेले. एकेकाळी जाळे टाकणारी ही माणसे पोहण्याचा मुखवटा लावून पाण्यात उतरली, प्रवाळांची व माशांची नावे शिकली, इंग्रजी शिकली आणि पाहुण्यांची वाटाडी झाली. त्यांच्या हातात शस्त्र नाही आणि अटक करण्याचा अधिकारही नाही. हद्दीत शिरलेल्या होडीजवळ जायचे, आत काय आहे आणि ते का राखले आहे हे समजावायचे, एवढेच. प्रत्येक घटना वहीत टिपली जाते : होडी कोणत्या प्रकारची, कुठली, माणसे किती, जाळे कोणते. समजावणारा आपल्याच समाजातला आणि आपल्याच बोलीत बोलणारा असल्यामुळे ऐकून घेतले जाते. राखलेल्या भागात मासे मोठे होतात, अंडी घालतात आणि वाढलेली मासळी हद्दीबाहेर पसरते. पूर्वेकडच्या खुल्या पाण्यात मासे धरणाऱ्यांनाही याचा फायदा होतो. बंदुकीशिवाय तीस वर्षे टिकलेली ही राखण चुंबेची सर्वांत मोठी कमाई आहे, बक्षिसांपेक्षाही मोठी.

निवास : झोपड्यांचे बांधकाम १९९० च्या दशकात झाले. बेटाच्या सर्व अडचणी त्यांच्या रचनेत उतरल्या आहेत, म्हणून त्यांचे वर्णन थोडे सविस्तर करणे योग्य.

पहिली अडचण पाण्याची. प्रत्येक झोपडीचे ‘माकुटी’चे म्हणजे नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेले छप्पर मोठे आणि उतरते आहे. त्यावरचे पावसाचे पाणी खडी व वाळूच्या गाळणीतून जमिनीखालच्या टाकीत जाते. तिथून ते हातपंपाने वर चढवतात आणि अंघोळीचे पाणी उन्हावर तापते. दुसरी अडचण सांडपाण्याची, आणि ती अधिक गंभीर. सच्छिद्र खडकावर शोषखड्डा किंवा मैलाटाकी केली तर त्यातले सारे काही थोड्याच काळात समुद्रात झिरपते. प्रवाळ स्वच्छ, पोषकद्रव्ये कमी असलेल्या पाण्यात वाढतात. नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की शेवाळ फोफावते आणि प्रवाळांना झाकून टाकते. म्हणून येथे पाण्याचे शौचालय नाही. मैला पालापाचोळ्याबरोबर कुजवून त्याचे खत होते आणि वास वाऱ्याने चालणाऱ्या नळीतून वर जातो. अंघोळीचे पाणी झाडांच्या वाफ्यातून नेतात. ती झाडे त्यातली पोषकद्रव्ये शोषून घेतात. ज्या किनाऱ्यावर हॉटेलांची रांग आहे आणि सांडपाणी सरळ समुद्रात जाते, अशा कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला या साध्या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगायला नको.

वीज सौर आहे आणि बेताची. बाहेर दिवे लावत नाहीत, कारण रात्री वावरणाऱ्या प्राण्यांना उजेडाचा त्रास होतो. पाहुणा टॉर्च घेऊन फिरतो. निजायची जागा वरच्या माळ्यावर आहे. समोरची झावळ्यांची भिंत दोरीने खाली सोडली की समुद्रावरचा वारा थेट आत येतो, त्यामुळे पंखा किंवा वातानुकूलन लागत नाही. दीपगृहाच्या राखणदाराच्या जुन्या घराचे आता भेटीचे केंद्र झाले आहे. बेटावर काही पिकत नाही आणि मासे धरायचे नाहीत, तेव्हा जेवणाचे सगळे सामान उंगुजाहून होडीने येते. स्वयंपाक झांझिबारी पद्धतीचा : नारळाच्या दुधातली मासळी, पिलाव, चपाती. मराठी माणसाला ही चव परकी वाटत नाही.

जीवसृष्टी : भित्तीवर कठीण प्रवाळांच्या २०० च्या वर आणि माशांच्या ४०० च्या वर जाती नोंदल्या आहेत. एवढ्याशा जागेत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बहुतेक कठीण प्रवाळ पाहायला मिळतात. हेकरू, पोपटमासे, फुलपाखरू मासे आणि कासवे दिसतात. भित्तीचा वरचा भाग उथळ असल्याने श्वासनळी लावून पोहणाऱ्यालाही सगळे नजरेच्या टप्प्यात येते. हवेची टाकी पाठीवर घेऊन बुडी मारण्याची पर्यटकांना परवानगी नाही. ती संशोधकांपुरती राखून ठेवली आहे. प्रवाळ खाणारे काटेरी तारामासे वाढले तर राखणदार ते हाताने काढून टाकतात.

जंगलात नारळखेकडा आहे. जमिनीवर राहणारा हा जगातील सर्वांत मोठा संधिपाद प्राणी. वजन चार किलोपर्यंत, आयुष्य अनेक दशकांचे. दिवसा तो खडकाच्या बिळात असतो, रात्री बाहेर पडतो आणि झाडावरही चढतो. मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्ले काही आठवडे पाण्यात तरंगतात, मग शंखाचा आसरा घेऊन किनाऱ्यावर येतात. एकदा मोठा झाला की हाच खेकडा पाण्यात बुडून मरतो. मांसासाठी तो पुष्कळ ठिकाणी संपला आहे. चुंबेवर त्याची संख्या चांगली आहे. एडर्सचा ड्यूकर हे दुर्मिळ छोटे हरिण झांझिबार आणि केन्याच्या किनारी जंगलांखेरीज कुठे आढळत नाही. शिकारीपासून सुरक्षित जागा म्हणून त्यातील काही येथे आणून सोडली गेली. त्याआधी, १९९७ मध्ये, जहाजांबरोबर आलेल्या उंदरांचा बेटावरून नायनाट केला होता, कारण ते पक्ष्यांची अंडी आणि रोपटी खात. पक्ष्यांचा दुसरा वैरी आपल्याकडचाच घरकावळा. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातून झांझिबारला नेण्यात आला आणि तिथल्या पक्ष्यांच्या मुळावर आला.

शाळा : पाहुण्यांच्या पैशांतून सहली चालतात, त्याही झांझिबारच्या शाळकरी मुलांच्या. मुले शिक्षकांबरोबर होडीने येतात. जंगलातील वाटेने जातात, ओहोटीच्या खळग्यांतले जीव पाहतात आणि तरंगणारे साधन धरून पाण्यात उतरतात. बेटावर वाढलेली असूनही त्यांतल्या अनेकांनी, विशेषतः मुलींनी, समुद्रात पोहण्याचा अनुभव कधी घेतलेला नसतो. पोहण्याच्या कपड्यांविषयी रीतीरिवाज आहेत. ते मानून, अंगभर कपड्यांतच मुली पाण्यात जातात. शिकवणारे राखणदार किस्वाहिलीतच बोलतात. शिक्षकांसाठी प्रशिक्षणही होते. परदेशी पर्यटकासाठी जे सुखाचे ठिकाण आहे ते स्थानिक मुलांसाठी वर्ग आहे. दोन्ही गोष्टी एकाच तिजोरीवर चालतात, आणि या नोंदीत चुंबेला एवढी जागा देण्याचे कारण हेच.

मर्यादा : सात झोपड्यांचे भाडे सामान्य झांझिबारी कुटुंबाला परवडणारे नाही. खोल्या वाढवल्या तर भाडे उतरेल, पण पाणी, मैला आणि माणसांचा वावर यांचा भार बेटाला झेपणार नाही. हा पेच सुटलेला नाही. शाळांच्या सहली हे त्यावरचे अर्धे उत्तर आहे. शिवाय पर्यटन थांबले की राखण अडचणीत येते. २०२० च्या साथीत हा धोका उघड झाला. करार मुदतीचे आहेत, ते पुन्हा पुन्हा नवे करून घ्यावे लागतात. आणि समुद्र तापतो तेव्हा कोणतीही हद्द कामी येत नाही. १९९८ मध्ये हिंदी महासागरातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, २०१६ मध्येही तसेच घडले. चुंबेची भित्ती त्यातून तुलनेने चांगली सावरली. मासे शाबूत असले की शेवाळ खाल्ले जाते आणि नव्या प्रवाळांना बसायला जागा मिळते, म्हणून राखलेल्या भित्तीला सावरण्याची जास्त संधी असते. पण अशा लाटा लागोपाठ येऊ लागल्या तर सावरायला मधला वेळ उरत नाही.

चुंबेला १९९९ मध्ये ‘टुरिझम फॉर टुमॉरो’ पुरस्कार, २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘ग्लोबल ५००’ सन्मान आणि पुढे सागरी संरक्षणाचा ‘ब्लू पार्क’ पुरस्कार मिळाला.

भेट : स्टोन टाउनच्या दक्षिणेकडील म्ब्वेनी किनाऱ्यावरून होडीने पाऊण तास लागतो. मुक्कामाच्या खोल्या भरलेल्या नसतील तरच एका दिवसाच्या पाहुण्यांना घेतले जाते. ‘मासिका’ म्हणजे मोठा पाऊस मार्चअखेर ते मेपर्यंत असतो. त्या दिवसांत, साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, निवास बंद असतो. दिवसाचा क्रम भरती-ओहोटीप्रमाणे ठरतो. येथे उधाणाच्या भरतीत पाणी चारेक मीटर चढते-उतरते. तेव्हा पूर्ण ओहोटीला खळगे आणि उघडा तळ पाहण्यासारखा असतो, तर पोहण्यासाठी पाणी चढलेले असावे लागते. भांगाच्या दिवसांत हा फरक कमी असतो आणि प्रवाह मंद असल्याने नवशिक्याला ते सोपे जाते. जंगलाच्या वाटेसाठी जाड तळाचे बूट आणि पाण्यात अंग झाकणारे कपडे न्यावेत. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, शंख उचलायचे नाहीत, माशांना खाऊ घालायचे नाही, आणि वाटाड्याशिवाय भित्तीकडे जायचे नाही.