बाळगोळी ते बालसंगोपन : परक्या हातचे औषध

‘बाळकडू’ हा शब्द आज लक्षणेने संस्कार ह्या अर्थी रूढ आहे. त्याचा सोबती ‘बाळगोळी’ मात्र विस्मृतीत गेला. आईपासून दूर असलेल्या मुलाला औषध कोणी व कशासाठी द्यावे, ह्या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास त्या विसरलेल्या शब्दापासून सुरू करावा लागतो.

मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या स्त्रिया तान्ही मुले म्हाताऱ्या नातलगाच्या किंवा शेजारणीच्या स्वाधीन करीत. मूल दिवसभर निजावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. औद्योगिक कामगार स्त्रियांच्या शंभरांतील ९८ अर्भकांना अफू दिली जाते, असे डॉ. बार्न्स ह्यांनी १९२२ साली नोंदविले. गोळी देणारी बाई दुष्ट होती असे मुळीच नव्हे. परंतु त्या औषधाचे प्रयोजन मुलाचा रोग नसून सांभाळणाऱ्याची सोय हे होते. १८७८ च्या अफू कायद्याचा रोख मुख्यतः लागवड, विक्री व परवाना यांवर होता. झोळीपर्यंत त्याचा हात पोचणे कठीणच.

१९४० चा औषध कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, आणि परभणी तेव्हा निजामी राज्यात. पुढे तो येथेही लागू झाला. पण त्याची नजरही प्राधान्याने दुकानाच्या फळीवर आहे.

बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांनी प्रथमच नव्हे, तरी स्पष्टपणे असे म्हटले की, तज्ज्ञांनी तपासणी व निदान केल्यावाचून मानसिक आजाराचे औषध मुलाला देऊ नये, आणि ते प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्यानेच द्यावे, बालगृहातील अन्य कोणी देऊ नये. येथे ‘गृह’ म्हणजे संस्था. उलट २०१५ च्या कायद्याचे कलम ४४ प्रतिपालक कुटुंबावर शिक्षण, आरोग्य व पोषण यांची जबाबदारी टाकते. औषधाचा निराळा उल्लेख त्यात नाही. हे अंतर क्षुल्लक नव्हे. अमेरिकेतील पाच राज्यांत २००८ साली प्रतिपालनातील मुलांना मनोविकारांवरील औषधे इतर शासकीय साहाय्यप्राप्त मुलांच्या २.७ ते ४.५ पट प्रमाणात लिहून दिली गेली होती, असे तेथील शासकीय पाहणीत २०११ मध्ये आढळले. त्याच वर्षी कायद्याने राज्यांवर देखरेखीची सक्ती केली.

महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेला २०२३ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले व अनुदान दरमहा २,२५० रुपये झाले. ह्या योजनेतील मूल परभणी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात आजीजवळ वाढत असेल, तर फेफऱ्याची किंवा झोपेची गोळी मोजणारा हात आजीचाच असणार. गृहभेटीच्या अहवालात म्हणून तीन रकाने तरी असावेत असे मला वाटते : औषध कोणते, लिहून कोणी दिले, आणि देते कोण.