गवताचे झाड झाले त्याची गोष्ट

दिवाळीच्या चार दिवसांत घरातल्या कोणकोणत्या वस्तूंना आपला हात लागतो, याची वाचकांनी कधी मोजदाद केली आहे काय? जुन्या पद्धतीचा आकाशकंदील घ्या. वरचा कागद कोणत्याही रंगाचा असो, आतला सांगाडा वेळूच्या कामट्यांचा. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून जिला आपण लक्ष्मी म्हणतो, ती केरसुणी आमच्या वऱ्हाडात शिंदीच्या पानांची. चिवड्याचे पोहे पाखडायचे सूप वेळूचे, फुलांची परडी वेळूची, आणि भाऊबीजेला भाऊ ज्यावर बसतो तो पाट बहुधा सागाचा. म्हणजे घराला सजवण्यासाठी रान घरात आणायचे, ही कल्पना आपल्याला कोणी नव्याने शिकवावी असे नाही. ते रान आपल्या घरात होतेच. आपण त्याला शोभा म्हणत नव्हतो, एवढेच.

हे लिहिण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे शहरांतल्या प्रदर्शनांतून ‘निसर्गातून स्फुरलेले’ हातकामाचे फर्निचर मोठ्या हौसेने मांडले जाते. पानाच्या आकाराचे मेज, वेळूचा दिवा, न तासलेल्या लाकडाचे बाक, टोपलीच्या विणीची खुर्ची. वस्तू सुरेख असतात. त्यांना नाव ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु मी यवतमाळ जिल्ह्याचा. वेळू आणि साग ही आमच्या घरची मंडळी. म्हणून असली खुर्ची पाहिली की माझ्या मनात पहिला प्रश्न तिच्या घाटाचा येत नाही. हा वेळू कुठल्या रानातला, तो कोणी तोडला, आणि तोडणाऱ्याला तसा हक्क होता की नव्हता, हा प्रश्न येतो. या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज थोडक्यात सांगतो.

पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा, अशा दोन नद्यांनी वेढलेला हा मुलूख. इंग्रजांच्या दप्तरात त्याचे नाव वणीवरून पडले होते. १९०५ साली ते बदलून यवतमाळ झाले. कापसाचा जिल्हा म्हणून त्याची ख्याती. पण कापसाची काळी जमीन संपली की डोंगर सुरू होतात आणि डोंगरावर सागाचे रान. सागाच्या लाकडात मुळातच तेल असते, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणून घराचे खांब, तुळया, चौकटी सागाच्या. सुतार हा बाराबलुतेदारांपैकी एक. औत, वखर आणि बंडी ही त्याची नित्याची कामे. पाळणा, पाट आणि चौरंग ही हौसेची.

आणि पोळ्याचा बैल! विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे की, मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. त्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा मागतात. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळी ही चाल पडली, असे परंपरा सांगते. चार चाकांवर उभा असा हा बैल पाहावा: ताणलेली मान, वशिंडाचा उंचवटा, शिंगांचा बाक. सुताराने तो कोणत्या पुस्तकात पाहून कोरला नाही. रोज ज्याच्यासाठी जू तासायचे, त्याचेच हे चित्र. सण झाला की बैल वर्षभर फळीवर उभा राहतो. निसर्गातून स्फुरलेली शोभेची वस्तू म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

साग घराची हाडे, तर वेळू घराची कातडी. कुडाच्या भिंती वेळूच्या, वर मातीचा गिलावा. धान्याची कणगी वेळूची, कापसाच्या बंडीची तट्टी वेळूची, कोंबड्यांची डालगी वेळूची. पाचवीच्या पूजेला तान्ह्या बाळाला सुपात निजवतात, आणि माणसाचा शेवटचा प्रवासही वेळूवरूनच होतो. सणाच्या दिवशी त्याचे नाव नको. संस्कृतात ‘वंश’ या एकाच शब्दाचे वेळू आणि कुळी असे दोन्ही अर्थ होतात. पेरावर पेर चढत जाणारा वेळू पाहून पिढीवर पिढी आठवली असेल, तर त्यात नवल नाही.

ही कातडी विणणारे हात दोन प्रकारचे. एक बुरुडांचे. हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या मांदियाळीत जे शरण होते, त्यांतले मेदार केतय्या वेळूचेच काम करीत. दुसरे हात कोलामांचे. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या भागांत डोंगराच्या कडेने कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांना ‘पोड’ म्हणतात. कोलाम शेती करतो आणि त्याच्या जोडीला टोपल्या, सुपे, तट्ट्या विणतो. त्याची भाषा द्राविडी कुळातली. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी हैदराबाद संस्थानच्या नोकरीत असताना या भाषेचा अभ्यास केला, आणि १९५० साली तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. भाषेला व्याकरण असते तसे या विणकामालाही आहे, इतकेच की ते कोणी कागदावर उतरवलेले नाही.

ते व्याकरण असे. आमच्याकडचा मानवेल जातीचा वेळू जवळजवळ भरीव, लाठीला उत्तम. नवा कोंब एका पावसाळ्यातच आपली पूर्ण उंची गाठतो, पण तो कोवळा असतो. पक्व व्हायला तीन-चार वर्षे लागतात. म्हणून जाणता माणूस बेटातला कोवळा वेळू सोडतो आणि जुना तोडतो; बेट मरत नाही, उलट मोकळे होऊन फोफावते. तोड हिवाळ्यात. वेळूच्या अंगात पिठूळ सत्त्व असते आणि त्यावर भुंगेरे टपलेले असतात. तोडलेला वेळू काही दिवस पाण्यात बुडवून ठेवला की ते सत्त्व बरेचसे धुऊन जाते. मग कोयत्याने उभा चिरायचा. बाहेरची हिरवी साल चिवट, तिच्या पट्ट्या काठाला. आतला गर मऊ, त्याच्या पट्ट्या पोटाला. सुपाचा काठ ताठ आणि पोट लवचीक का असते, याचे उत्तर येथे आहे. या सगळ्यात एकही खिळा नाही. तीस-चाळीस वर्षांनी रानातला वेळू एकदम फुलावर येतो, बी टाकतो आणि सारे बेट वाळून जाते. हेही विणणाऱ्याला ठाऊक असते.

आता हे हात आणि हे रान यांच्यामध्ये तिसरा कोण आला ते पाहू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. रेल्वे आली, तिला रुळांखाली घालायला लाकूड हवे होते. सरकारला महसूल हवा होता. रानांच्या हद्दी आखल्या गेल्या, चौक्या बसल्या. कालपर्यंत जे रान गावाच्या पाठीशी होते, ते राखीव झाले. सागावर सरकारचा डोळा असावा हे एक वेळ समजते. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने शब्दांच्या व्याख्या दिल्या, त्यांत ‘झाड’ या शब्दात ताड-माड, वेत आणि वेळूही घातले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वेळू हे गवत आहे. गहू, ज्वारी, ऊस यांच्याच कुळातले. परंतु कायद्याच्या पुस्तकात गवताचे झाड झाले. झाड तोडणे हा गुन्हा. म्हणून परवान्याशिवाय वेळू तोडणे हाही गुन्हा. सुपासाठी चार वेळू आणणारा माणूस एका व्याख्येने चोर ठरला.

आणि स्वातंत्र्य आल्यावर? व्याख्या तशीच राहिली. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागदाच्या कंपनीसारख्या कारखान्यांना विदर्भातला वेळू लागू लागला. कारखान्याला वेळू गाड्या भरभरून मिळे. नोंदणी झालेल्या बुरुडाला तो सवलतीच्या दराने, पण मोजून. कागद कोणाला नको आहे? तुमच्या हातातला हा अंकही कागदावरच आहे. तरी पण एकाच रानातल्या एकाच गवतासाठी दोन मापे असावीत, याचा विचार सुशिक्षितांनी फारसा केला नाही, हे मान्य केले पाहिजे.

येथे जरा समुद्रापलीकडे जाऊन येऊ. त्याचे धागे आपल्याच शेजारी येऊन पोहोचतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात यंत्रांनी बनवलेल्या निर्जीव वस्तूंना लोक कंटाळले. रस्किन नावाच्या विचारवंताने सांगितले की, वस्तूचे सौंदर्य तिच्या कारागिराच्या आयुष्यापासून तोडता येत नाही. त्याच्या विचारांनी भारलेल्या विल्यम मॉरिसने १८६१ साली मित्रांसह एक कंपनी काढली. वेली, पाने आणि पाखरे असलेले भिंतीचे कागद, कापडे, साधेसुबक लाकडी सामान असा तिचा माल. आजच्या ‘निसर्गातून स्फुरलेल्या’ गृहसजावटीचे हे एक मोठे घराणे. पण हातकाम महाग पडे, आणि ज्या सामान्य माणसासाठी मॉरिस तळमळत असे, त्याच्या घरी त्याचा माल क्वचितच पोहोचला. ही खंत त्याला जन्मभर होती.

त्याच रस्किनचे एक पुस्तक १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत, आगगाडीच्या प्रवासात, गांधीजींच्या हाती पडले. पुढे १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम कुमारप्पांनी सुरू केले, आणि १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहावयास गेले. तेथल्या कुट्या कशाच्या? माती, लाकूड, वेळू आणि कवेलू. जवळपास मिळेल ते, आणि गावचे कारागीर बांधतील तसे. मीराबेननी ज्या कुटीत मातीच्या भिंतीवर मातीनेच झाडे उठवली, ती पुढे बापूकुटी झाली. रस्किनच्या एका शिष्याने वेलबुट्टीचा कागद भिंतीला लावला. दुसऱ्याच्या घरी भिंतीच्या मातीतूनच झाड उगवले. वर्धा नदी ओलांडली की आमचा जिल्हा लागतो. सेवाग्रामला जी गोष्ट पाहायला देशोदेशीचे लोक येतात, तिच्या जातीची घरे पलीकडच्या पोडांतून पिढ्यान्‌पिढ्या उभी होती.

मात्र कुटीचे कौतुक झाले तरी वेळूची व्याख्या बदलली नाही. त्याला एकविसावे शतक उजाडावे लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वेळूची गणना गौण वनोपजात केली आणि त्यावर रानात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. तो हक्क प्रत्यक्षात हाती यावा म्हणून गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला झगडावे लागले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वेळूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेकडे आला. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला आणि रानाबाहेर वाढलेला वेळू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. शेताच्या बांधावरचा वेळू नव्वद वर्षांनी पुन्हा गवत झाला.

विणणारे हात या नव्वद वर्षांत किती उरले? प्लास्टिकच्या सुपाने आणि टोपलीने बाजार व्यापला. अनेक बुरुडांच्या घरांतली पुढची पिढी मजुरीकडे वळली. तरीही आशेला जागा आहे. शेजारच्या मेळघाटात, लवादा येथे, सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने संपूर्ण बांबू केंद्र उभे केले आणि आदिवासी तरुणांना वेळूच्या खुर्च्या, मेज, दिवे, घरेसुद्धा करायला शिकवले. सुनीलराव २०२१ साली गेले. पण टोपली विणणारा हात आजच्या दिवाणखान्याचे सामानही करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. हात तोच असतो; त्याला ठरलेल्या मापाचा, पक्व आणि कीड न लागणारा वेळू हवा असतो, आणि दिवसभराच्या कामाला दिवसभराची किंमत.

म्हणून या सणाला ज्यांना घरासाठी असली वस्तू घ्यायची असेल, त्यांनी ती अवश्य घ्यावी. घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: वेळू किती वर्षांचा होता, तो पाण्यात मुरवला होता काय, आणि विणणाऱ्याला काय मिळाले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बरोबर आली तर खुर्ची टिकेल. तिसऱ्याचे उत्तर बरोबर आले तर ती करणारा टिकेल. बाजाराच्या दिवशी आमच्या तालुक्याच्या गावी एखादा म्हातारा कोलाम सुपांची चळत घेऊन बसलेला दिसतो. त्याच्याशी घासाघीस करताना मात्र थोडे थांबावे. २०१७ चा बदल रानाबाहेरच्या वेळूपुरता आहे. त्याच्या पोडामागच्या रानात जो वेळू उभा आहे, त्याला अजूनही वन कायदाच लागू आहे. ग्रामसभेचा दावा मंजूर झाला तरच तो त्याचा. नाहीतर सूप विणण्यापूर्वी त्याला अजूनही कोणाची तरी परवानगी काढावी लागते.