मंद्र, मध्य, तार

गाण्याच्या बैठकीहून परतणाऱ्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येते : "काय आवाज आहे! तिन्ही सप्तकांत फिरतो." स्तुती मोठी खरी, परंतु आपल्या जुन्या ग्रंथकारांनी या गोष्टीसाठी योजलेल्या शब्दात फिरण्यापेक्षा राहण्याचा अर्थ अधिक आहे. तो शब्द म्हणजे 'स्थान'. आज त्याचीच थोडी विचारपूस करावयाची आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात उर, कंठ आणि शिर अशी आवाजाची तीन स्थाने सांगितली आहेत, आणि गंमत अशी की, ती केवळ गवयासाठी नाहीत. नटाने दूरच्या पात्राला हाक मारताना शिरातला आवाज लावावा, थोड्या अंतरावरच्याशी कंठातून बोलावे, जवळच्याशी उरातून. म्हणजे आवाजाची उंची ही कसरत नव्हे. कोणाशी, किती अंतरावरून बोलतो आहोत, यावर ती ठरते.

पुढे तेराव्या शतकात, आपल्याच देवगिरीला, यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. राज्याचे हिशेब पाहणारा हा अधिकारी. त्यामुळे की काय, त्याचे मोजमाप चोख आहे. हृदयात मंद्र, कंठात मध्य, मूर्ध्नी तार, आणि प्रत्येक नाद आधीच्याच्या दुप्पट. आजचे ध्वनिशास्त्रही हेच सांगते. मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर मंद्र षड्ज १२० चा आणि तार षड्ज ४८० चा. नाद निर्माण होतो तो तिन्ही वेळा कंठातच. पण खर्ज लावताना छातीवर तळवा ठेवून पाहावा, म्हणजे जुन्यांनी उराचे नाव का घेतले, ते कळेल.

याच ग्रंथांत 'तार' आणि 'मंद्र' हे शब्द आणखी एका अर्थाने येतात, आणि आम्हांला तो अधिक मोलाचा वाटतो. जातिगायनाची जी दहा लक्षणे सांगितली आहेत, त्यांत ग्रह, अंश, न्यास यांच्या बरोबरीने तार आणि मंद्रही आहेत. तेथे तार म्हणजे वर कोठवर जावे याची मर्यादा, आणि मंद्र म्हणजे खाली कोठवर उतरावे याची. गळा जातो म्हणून जावे, असे नव्हे. मर्यादा गळ्याची नसून गीताची आहे.

'सप्तक' या शब्दाने हा अर्थ बराच झाकला गेला. सप्तक स्वर मोजते. स्थान वस्ती सांगते. (इंग्रज आठवा स्वर धरून 'ऑक्टेव्ह' म्हणतो, मोजणीच ती!) नुसत्या मोजणीने काय हरवते, ते पाहण्यास पूरिया, मारवा आणि सोहनी हे तीन राग घ्यावेत. तिघांतही ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. कागदावर स्वर तेच. पण पूरिया मंद्र आणि मध्यात रमतो, मारवा मध्यात ऋषभ-धैवतांवर तिष्ठतो, आणि सोहनीचे बिऱ्हाड तार षड्जाच्या आसपास. पूरिया गाताना वरच्या षड्जावर फार काळ रेंगाळलात, तर श्रोत्याला सोहनीचा भास होऊ लागतो. दरबारी आणि अडाणा यांची गोष्टही बव्हंशी अशीच.

मग तार सप्तकालाच टाळी पडण्याची सवय आपल्याला लागली कोठून? आमच्या मते यात नाटकगृहाचा वाटा मोठा आहे. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत पद पोचवायचे, तर चढा आवाज हवाच; भाऊराव कोल्हटकरांची कीर्ती अशाच आवाजावर उभी राहिली. दूरच्याशी शिरातून बोलावे, हा भरताचा नियमच तो! पण पुढे अंतर मिटले, ध्वनिक्षेपक आला, तरी टाळीची जागा हलली नाही.

त्यात पेटीने आणखी एक घोटाळा केला. 'काळी चार', 'पांढरी एक' ही पट्टी झाली. गायकाने आपला षड्ज कोठे धरला, एवढेच ती सांगते. उंच पट्टी म्हणजे तार सप्तक नव्हे. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रिकांत आवाज बारीक आणि चढा आहे. पुढे गळ्यावरील उपचारानंतर तो भरदार, खालचा झाला, आणि त्याबरोबर षड्जही खाली आला. पेटीवर मोजू गेल्यास त्यांचा तार षड्ज इतर गायिकांच्या मध्य सप्तकातच सापडेल. ऐकणाऱ्याला मात्र तो तारच लागतो. कारण खाली मंद्र आणि मध्य ही दोन्ही घरे त्यांनी आधी नीट वसवलेली असतात.