अक्षरनिष्ठ शब्दशोध, इंग्रजीतील

अक्षरनिष्ठ शब्दशोध, इंग्रजीतील : विशिष्ट अक्षरे असलेले, नसलेले किंवा ती ठराविक स्थानी येणारे शब्द, विशेषतः लांबलचक शब्द, हुडकून काढण्याची पद्धती. शब्दाचा अर्थ, उच्चार वा व्युत्पत्ती यांच्याशी तिला कर्तव्य नसते. शब्द म्हणजे लिखित अक्षरांची एक मालिका, एवढेच ती जाणते.

या शोधातील मूळ अडचण कोशाच्या रचनेतच आहे. रॉबर्ट कॉड्री याचा अ टेबल ॲल्फाबेटिकल (१६०४) हा इंग्रजीतील पहिला एकभाषी कोश समजला जातो. त्यात सु. अडीच हजार शब्द होते आणि वर्णक्रमाची सवय वाचकांना इतकी कमी होती, की कोशात शब्द कसा शोधावा, हे कॉड्रीला आरंभीच समजावून सांगावे लागले. वर्णक्रमामुळे शब्द सापडू लागला खरा. परंतु त्याची सुरुवात ठाऊक असेल तरच. पोटात ‘झेड’ असलेले किंवा अखेरीस ‘वाय’ येणारे शब्द कोणते, या प्रश्नासाठी असा कोश अथपासून इतीपर्यंत चाळावा लागतो, नाही तर सगळाच नव्या क्रमाने लावावा लागतो.

असा नवा क्रम लावण्याचा महत्त्वाचा आरंभीचा प्रयत्न जॉन वॉकर (१७३२–१८०७) या नटाने व उच्चारतज्ज्ञाने केला. त्याच्या १७७५ च्या कोशात शब्द अंत्य अक्षरांनुसार, म्हणजे उलट्या वर्णक्रमाने लावलेले आहेत. कवींना यमके पुरविणे हा त्याचा एक हेतू होता. मात्र इंग्रजीत लेखन व उच्चार यांची फारकत असल्याने ‘ओ-यू-जी-एच’ या अक्षरांनी संपणारे ‘कफ’, ‘डो’, ‘बाउ’ व ‘थ्रू’ हे शब्द शेजारी येऊनही त्यांचे यमक जुळत नाही. प्रत्ययांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र ही रचना फार सोयीची ठरते. अमेरिकेतील मेरिअम या कोशप्रकाशन संस्थेत विसाव्या शतकात याच कारणासाठी तीन लाखांहून अधिक शब्द शेवटापासून आरंभाकडे, एकेक अक्षर उलटे टंकलिखित करून पत्रिकांवर उतरविण्यात आले. हे काम कित्येक वर्षे चालले होते. १९६३ मध्ये ए. एफ्. ब्राउन याच्या मार्गदर्शनाखाली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिद्ध झालेली आठ खंडांची सुलट-उलट शब्दसूची ही संगणकाच्या साहाय्याने तयार झाली.

शब्दकोड्यांनी या प्रश्नाला आणखी एक वळण दिले. आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आले आणि १९२४ मध्ये अशा कोड्यांचे पुस्तक निघाल्यानंतर त्यांचे वेडच पसरले. अकरा अक्षरी शब्दाचे तिसरे व आठवे अक्षर तेवढे हाती आहे, अशा वाचकासाठी मग अक्षरसंख्येनुसार लावलेल्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. (मराठी शब्दकोड्यात एका चौकटीत काना-मात्रेसह पूर्ण अक्षर बसते. त्यामुळे ‘पुस्तक’ हा शब्द तीन घरांत मावतो, त्याच्या रोमन लिप्यंतराला मात्र सहा घरे लागतील.)

केवळ कुतूहलापोटी शब्द धुंडाळणाऱ्यांचीही एक परंपरा आहे. अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग ही संस्था १८८३ पासूनची. डिमिट्री बोर्गमन (१९२७–८५) याच्या लँग्वेज ऑन व्हेकेशन (१९६५) या ग्रंथाने या छंदाला शास्त्राची शिस्त दिली आणि १९६८ मध्ये सुरू झालेले वर्ड वेज हे नियतकालिक २०२० पर्यंत चालले. ‘अनकॉपीराइटेबल’ व ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ (त्वचारेषाविज्ञान) या प्रत्येकी १५ अक्षरांच्या शब्दांत एकही अक्षर पुन्हा येत नाही. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ (कवडीमोल लेखणे) या २९ अक्षरी शब्दात इंग्रजीतील सर्वाधिक वापराचे ‘ई’ हे अक्षर मुळीच नाही. ‘आय’ मात्र नऊ वेळा आहे. लांबीचा हव्यास कधी शब्द घडवूनही घेतो. सूक्ष्म सिलिका धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकाराचे ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ हे ४५ अक्षरी नाव १९३५ मध्ये उपर्युक्त संस्थेचा अध्यक्ष एव्हरेट स्मिथ याने रचले. वैद्यकाला त्याची काहीच गरज नव्हती. तरीही ते मोठमोठ्या कोशांत शिरले.

संगणकाने क्रमाचा प्रश्नच निकालात काढला. केन टॉम्प्सन याची ‘ग्रेप’ ही आज्ञावली (१९७३) दिलेल्या आकृतिबंधाशी जुळणारी प्रत्येक ओळ वेचून काढते. यादी कोणत्याही क्रमाने असली तरी चालते. वेब्स्टरच्या १९३४ च्या बृहत्कोशातील २,३४,९३६ शब्दांची यादी पुढे संगणकांवर सर्रास ठेवली गेली. अक्षरांची अदलाबदल करून होणारे शब्द शोधण्यासाठी प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावतात : खाणे, खाल्ले व चहा या अर्थांचे ‘ईट’, ‘एट’ आणि ‘टी’ हे तिन्ही शब्द ‘ए-ई-टी’ या एकाच खुणेखाली येतात.

शब्द वेचणे सोपे झाले, तसा तो मुळात यादीत असावा की नाही, हा वाद तीव्र झाला. ॲल्फ्रेड बट्स (१८९९–१९९३) या बेकार वास्तुविशारदाने वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून स्क्रॅबल हा खेळ रचला. त्याच्या १०० सोंगट्यांत ‘ई’ बारा, तर ‘क्यू’ एकच. ‘क्यू’ असून ‘यू’ नसलेले शब्द खेळाडू पाठच करतात. त्यांतील ‘फकीर’ व ‘कादी’ (काझी) मराठी वाचकाला परके वाटणार नाहीत. खेळासाठी स्वतंत्र अधिकृत कोश १९७८ मध्ये निघाला. त्याच्या १९९५ च्या आवृत्तीतून वंश व धर्मवाचक अपशब्द तक्रारींमुळे गाळण्यात आले. अर्थाशी खेळाचा संबंध नाही, असे म्हणणाऱ्या स्पर्धकांसाठी ते शब्द राखणारी वेगळी यादी करावी लागली. २०२० मध्ये उत्तर अमेरिकेतील खेळाडूंच्या संघटनेने त्या यादीतूनही अपशब्द वगळले.