‘किम’ : पुस्तकातला लामा आणि पडद्यावरचा

रड्यार्ड किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईस झाला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिकवीत व पुढे ते लाहोरच्या संग्रहालयाचे प्रमुख झाले. त्याच संग्रहालयासमोरील झमझमा तोफेवर बसलेल्या एका पोरापासून ‘किम’ (१९०१) ही कादंबरी सुरू होते. हेरकथा म्हणून तिची ख्याती मोठी. तिच्यात आगगाडीच्या डब्यात एक जखमी मराठा हेर येतो आणि शत्रूच्या हातून तो सुटावा म्हणून किम त्यास राख फासून साधू बनवितो, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच स्मरणात असेल.

या कथेवर मेट्रो-गोल्डविन-मेयरने काढलेला चित्रपट १९५० साली आला, म्हणजे ज्या राज्यासाठी किम हेरगिरी करतो ते राज्य भारतातून गेल्यानंतर! दिग्दर्शक व्हिक्टर सॅव्हिल. मेहबूब अलीच्या भूमिकेत एरल फ्लिन, किम डीन स्टॉकवेल, आणि तेशू लामा पॉल लुकास हा हंगेरीत जन्मलेला नट. काही दृश्ये भारतात टिपली. डोंगर मात्र पुष्कळसे कॅलिफोर्नियाचे. गोऱ्या नटांनी तोंडे रंगवून हिंदी माणसे व्हावे, हे आज खटकतेच. तरीही लुकासने लामा शांतपणे उभा केला आहे, आणि पोरक्या किमचा त्याजवरील जीव पाहून आम्हांस तो चित्रपट केवळ पोरांची करमणूक म्हणवत नाही.

आमचा आक्षेप शेवटाविषयी आहे. कादंबरीत रशियन हेर लामाचे भवचक्राचे चित्र फाडतो व त्याच्या तोंडावर प्रहार करतो. त्या क्षणी लामाच्या मनात हत्येची इच्छा उठते, आणि शत्रूच्या घावाहून तोच विकार त्यास अधिक जाळतो. शत्रूचे कागद किमच्या हाती लागतात. कोणी मरत नाही. चित्रपटात हरीबाबूचाच बळी जातो, मेहबूब अली धावून येतो, शत्रू मारले जातात, आणि लामा आपल्या नदीचे दर्शन घेऊन प्राण सोडतो. प्रेक्षक डोळे पुसतो, परंतु मूळ गोष्ट हातची जाते.

१९८४ साली दूरचित्रवाणीसाठी जॉन डेव्हिस यांनी ‘किम’ पुन्हा केला व पीटर ओ’टूल लामा झाला. त्यातही आम्ही प्रथम शेवटच पाहावयास बसलो, हे कबूल करतो.

कारण पुस्तकातला लामा मरत नाही. देहातून मोकळा झालेला त्याचा आत्मा सारा हिंद एका दृष्टीत पाहतो, मुक्ती हाताशी येते. इतक्यात त्यास चेल्याची आठवण होते व तो परत फिरतो. जन्मभर शोधलेली नदी त्यास सापडते ती आमराईमागच्या एका साध्या ओढ्यात, आणि पाण्यात बुडणारे त्याचे डोके वर धरणारा असतो तो हेरच, हरीबाबू.