पाणी कुठवर आले? : दुतोंड्या मारुतीचे एक वाचन

गोदावरीला पूर आला की नाशिककर तो पाहायला ‘गंगेवर’ जातो. ज्याला जाणे जमत नाही तो परतणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो, पाणी मारुतीच्या कुठवर आले? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. यांपैकी कोणत्याही उत्तराला पुढे स्पष्टीकरण लागत नाही. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती ही पूजेची वस्तू आहेच. पण शहराने तिला पूरमापक म्हणूनही स्वीकारले आहे. ‘दुतोंड्या’ हा एरवी निंदाव्यंजक शब्द इथे निव्वळ वर्णनापुरता उरतो: दोन बाजूंना दोन मुखे असलेला तो दुतोंड्या.

शिल्प पाहायचे नसून वाचायचे, ही रीत नाशिकपुरती नाही. पॅरिसमध्ये आल्मा पुलावरील झुआव्ह सैनिकाच्या पुतळ्यावरून सीन नदीचा पूर मोजतात. १९१० साली पाणी त्याच्या खांद्यापर्यंत पोहोचले होते. दोन्हीकडे मापाचे एकक मानवी देह आहे. ‘गळ्यापर्यंत पाणी’ म्हणताना आपण आकडा सांगत नाही, बुडण्याची भीती सांगतो.

जवळच नारोशंकराचे मंदिर आहे. १७४७ साली बांधलेल्या या मंदिराची प्रसिद्ध घंटा पोर्तुगीज बनावटीची असून १७३९ च्या वसई विजयाची खूण म्हणून ती ओळखली जाते. चर्चमधली घंटा देवळात आली आणि पुढे पुराची पातळी सांगतानाही तिचे नाव घेतले जाऊ लागले. वस्तूचा अर्थ तिच्या कर्त्याच्या हेतूवर थांबत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाला निराळे सांगायला नको.

परंतु या मापावर कितपत विसंबावे? नाशिकच्या वर गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले. तेव्हापासून पूर केवळ पावसाचा राहिला नाही. किती पाणी, केव्हा सोडायचे हा निर्णयही त्यात आला. धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. क्युसेक पाणी किती वाहते ते सांगतो; ते कुठे पोहोचले हे मारुती सांगतो. शिवाय घाट बांधले गेले, पात्रात काँक्रीट पडले, काठावर बांधकामे वाढली. पात्र अरुंद किंवा उथळ झाले, तर तेवढेच पाणी अधिक उंची गाठते. त्यामुळे १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांतील मोठ्या पुरांची तुलना केवळ मूर्तीवरून करणे धोक्याचे आहे. मारुती जागचा हलला नसेल, पण त्याच्या भोवतीची नदी बदलली आहे.

२००८ च्या पुरानंतर नाशिकमध्ये पूररेषेचा प्रश्न ऐरणीवर आला. सर्वसाधारणपणे निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. नकाशावरच्या या रेषेत कोणाचे घर येते, कोणाचे दुकान येते, यावर वाद होतात. मारुतीच्या मापाशी मात्र कोणी वाद घालत नाही, कारण त्याने कोणाचे बांधकाम अडत नाही. म्हणून पूर ओसरल्यावर काठावरून परतताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा: पाणी मारुतीच्या गळ्याशी आले ते पाणी वाढल्यामुळे, की आपण नदीची जागा कमी केल्यामुळे?